"सिस्टर, एवढं लिहून टाका ना!"

काही महिन्यांपूर्वी एक अठ्ठावीस वर्षांची मुलगी तपासायला आली. तक्रारी रोज ऐकतो त्याच होत्या: झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवल्यावर जळजळतं. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिन थोडं कमी. ती एका खासगी रुग्णालयात आयसीयूमध्ये नर्स आहे. "ड्यूटी फार होते का?" असं मी विचारलं.

"ड्यूटीची सवय आहे सर," ती म्हणाली. "पण तपासणीची टीम येणार म्हणून आम्हाला तीन महिन्यांचे चार्ट एका संध्याकाळी भरायला बसवलं. पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलली, म्हणून सह्या केल्या. त्यातल्या दोघांना पाठीला जखमा झाल्या होत्या. माझी सही आहे त्यावर."

तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून हे लिहितो आहे. ॲसिडिटीची गोळी मी दिली, पण आजाराचं मूळ पोटात नव्हतं. योग्य काय ते माणसाला कळतं आणि तरीही वरच्या दडपणामुळे ते करता येत नाही, अशा वेळी होणाऱ्या घुसमटीला अमेरिकेतील तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ साली परिचारिकांवरच्या पुस्तकात नाव दिलं. आपण तिला 'नैतिक घुसमट' म्हणू. झोप उडणं, धडधड, चिडचिड, कामावर जायची भीती आणि शेवटी नोकरी सोडणं ही तिची लक्षणं. अशा नर्सेस मी अनेक पाहिल्या आहेत.

हा फक्त नर्सेसचा प्रश्न आहे, असं समजून कृपया पुढे जाऊ नका. ज्या कागदावर खोटं लिहिलं जातं, तो कागद तुमच्या पलंगाला लटकवलेला असतो.

त्या चार्टवर असतं काय?

तुम्ही किंवा तुमचे नातेवाईक रुग्णालयात दाखल होता तेव्हा डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येतात, पाच-दहा मिनिटं थांबतात. उरलेले साडेतेवीस तास तुमच्यावर नजर असते ती सिस्टरची. ताप, नाडी, श्वास, बीपी, ऑक्सिजन, शुगर, किती पाणी प्यायलात, किती लघवी झाली, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं हे सगळं ती लिहिते. डॉक्टर तेच वाचून पुढचे निर्णय घेतात. फोनवरून सल्ला द्यायचा असेल तर डॉक्टरला दुसरं काहीच दिसत नसतं, फक्त ते आकडे असतात.

एक उदाहरण देतो. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा चालतो. न्यूमोनिया वाढतो किंवा रक्तात जंतुसंसर्ग पसरतो तेव्हा बीपी उतरायच्या कितीतरी आधी श्वासाची गती वाढायला लागते. म्हणूनच लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली रुग्ण बिघडतो आहे हे लवकर ओळखण्यासाठी गुणांची जी पद्धत आणली, तिच्यात श्वासाची गती २५ किंवा त्याहून जास्त असेल तर त्या एका गोष्टीला सर्वाधिक ३ गुण आहेत.

आणि वॉर्डात सर्वांत जास्त वेळा अंदाजाने लिहिला जाणारा आकडाही हाच. श्वास मोजायला मशीन नसतं, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर छातीकडे बघत उभं राहावं लागतं. तीस पेशंट असतील तर एकट्या नर्सला त्यातच अर्धा तास जातो. मग सगळ्यांचा श्वास '१८' किंवा '२०'. वॉर्डातल्या तीसही माणसांचा श्वास एकाच गतीने चालतो, असा चार्ट पाहिला की मला त्यातला एकही आकडा खरा वाटत नाही.

माझी स्वतःची गोष्ट

आता जे सांगतो आहे ते सांगायला मी बरीच वर्षं घेतली.

नव्वदच्या दशकात मी एमडी करत होतो. वॉर्डात एक साठीचे मधुमेही गृहस्थ दाखल होते. पायाला चिघळलेली जखम, दुसऱ्या दिवशी सकाळी ती साफ करण्याची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेसाठी त्यांना उपाशी ठेवायला सांगितलं होतं. "रात्रीपासून उपास" असं कुणीतरी सांगितल्यामुळे त्यांनी रात्रीचं जेवणही घेतलं नाही. संध्याकाळच्या इन्सुलिनची ऑर्डर माझी होती. ते मध्यम काळ चालणारं इन्सुलिन होतं. रात्री आठला दिलं तर त्याचा जोर मध्यरात्रीनंतर, पहाटेपर्यंत असतो. जेवण होणार नाही हे लक्षात घेऊन डोस कमी करायला हवा होता. मी नेहमीचाच डोस लिहिला आणि खाली लिहिलं, "पहाटे ३ वाजता शुगर करणे."

त्या रात्री वॉर्डात एकच सिस्टर होत्या. निवृत्तीला आलेल्या, कमी बोलणाऱ्या. पेशंट तीसच्या वर, त्यातले दोन अत्यवस्थ. तीनची शुगर राहून गेली. पहाटे सहाला त्यांनी त्या गृहस्थांना हाक मारली तर उत्तर नाही, अंग घामाने चिंब. शुगर निघाली २८. मी धावत गेलो, शिरेतून ग्लुकोज दिलं, काही मिनिटांत त्यांनी डोळे उघडले. सुदैवाने कायमची इजा झाली नाही.

नऊ वाजता सरांचा राउंड होता. चार्टवर तीन वाजताचा रकाना रिकामा दिसत होता. मी सिस्टरना म्हणालो, "सिस्टर, तिथे १४० लिहून टाका ना. सर उगाच चिडतील."

त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मी न केलेलं लिहीत नाही. 'केली नाही' असं लिहिते. का नाही झाली तेही लिहिते. तुम्ही सरांना सांगा."

त्यांनी तसंच लिहिलं. सरांनी वाचलं, मग मागचं पान उलटून इन्सुलिनचा डोस पाहिला, पेशंटला विचारलं, "रात्री जेवलात का?" दोन मिनिटांत सगळा उलगडा झाला.

तिथे १४० लिहिलेलं असतं तर काय झालं असतं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तीन तासांत १४० वरून २८? मग आम्ही किडनी बिघडली का, आणखी कुठली दुर्मीळ ग्रंथीची व्याधी आहे का, हे शोधत बसलो असतो. ती संध्याकाळची ऑर्डर तशीच चालू राहिली असती आणि दुसऱ्या रात्री कदाचित पेशंट उठलाच नसता. खोटी नोंद झालेली चूक झाकते, शिवाय पुढच्या डॉक्टरला चुकीच्या वाटेलाही लावते.

पण गोष्ट इथे संपत नाही. शुगर न केल्याबद्दल मेमो सिस्टरना मिळाला. मूळ चूक माझी होती, मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. एका रात्री एका नर्सवर तीसपेक्षा जास्त पेशंट का, हेही कुणी विचारलं नाही.

त्या घटनेतून मला जे कळलं ते असं: खोटी नोंद लिहायला लावणारा माणूस सहसा स्वतःची कातडी वाचवत असतो, आणि सही मात्र दुसऱ्याची असते.

दडपण येतं कुठून?

पहिलं कारण मनुष्यबळ. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांनुसार शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक नर्स असावी. आपल्यापैकी कुणी कुठल्याही वॉर्डात रात्री अकरा वाजता जाऊन मोजावं. जे काम चार माणसांचं आहे ते एकीकडून करून घ्यायचं आणि कागद मात्र चौघींनी केल्यासारखा पूर्ण हवा, असं म्हटलं की खोटं लिहिणं आलंच. तिथे कुणी "खोटं लिही" असं तोंडाने म्हणतही नाही. "चार्ट इनकम्प्लीट का?" एवढंच विचारतात.

दुसरं कारण नोकरीची असुरक्षितता. खासगी रुग्णालयांतील नर्सेसच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये मासिक वेतन असावं अशी शिफारस केली. आजही याच्या निम्म्या पगारावर काम करणाऱ्या मुली माझ्या ओळखीत आहेत. काही ठिकाणी बाँड लिहून घेतात, मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवतात. जिची प्रमाणपत्रंच दुसऱ्याच्या कपाटात आहेत, ती "नाही" कशी म्हणणार?

तिसरं कारण भीती. काही कमी-जास्त झालं तर नातेवाईक अंगावर येतील, ही भीती खोटी नाही. डॉक्टर-नर्सेसवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा करावा लागला, यातच सगळं आलं. या भीतीपोटी "कागद नीट करून ठेवा" असं सांगितलं जातं, आणि 'नीट' या शब्दात बरंच काही लपतं.

चौथं कारण तपासण्या आणि टार्गेट. मानांकन चांगलीच गोष्ट आहे. पण तपासणी फक्त कागदाची होते हे कळलं की काम सुधारण्याऐवजी कागद सुधारण्याकडे कल जातो.

स्टॅफर्डमध्ये काय घडलं

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड गावच्या रुग्णालयाची गोष्ट सगळ्या जगाने वाचली. तिथे सरकारचं टार्गेट होतं: तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाचा निकाल चार तासांत लागला पाहिजे, म्हणजे एक तर दाखल करा किंवा घरी पाठवा. हेतू उत्तम. पण माणसं पुरेशी नव्हती. मग ज्यांना चार तासांहून जास्त झाले त्यांच्या वेळा कागदावर बदलायला सुरुवात झाली.

हेलन डॉनेली नावाच्या तरुण नर्सने याविरुद्ध तक्रार केली. वरिष्ठ सिस्टर्स आम्हाला वेळा खोट्या लिहायला सांगतात, असं तिचं म्हणणं होतं. तिला सहकाऱ्यांकडून धमक्या आल्या. ड्यूटी संपल्यावर एकटीने गाडीपर्यंत जायची तिला भीती वाटायची. पुढे रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली, तिचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला आणि त्या रुग्णालयातील रुग्णांचे हाल जगासमोर आले. त्याच वर्षी दोन वरिष्ठ सिस्टर्सची नावं तिथल्या नर्सिंग कौन्सिलने नोंदवहीतून काढून टाकली. २०१४ मध्ये इंग्लंडमध्ये नवा नियम आला: उपचारात गंभीर चूक झाली तर रुग्णालयाने ती स्वतःहून रुग्णाला सांगितलीच पाहिजे.

यात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्या कागदांवरून रुग्णालय टार्गेट गाठतं आहे असं वरच्या साहेबांना वाटत होतं, त्याच कागदांमुळे तिथे माणसं कमी आहेत हे कुणाला दिसलं नाही. खोटी नोंद एका रुग्णाला फसवते, आणि सोबत "आम्हाला आणखी नर्सेस हव्यात" हा पुरावाही पुसून टाकते. आपल्याकडच्या नर्सेसनी हे लक्षात ठेवावं. रिकामा रकाना आणि त्यापुढचं कारण हीच तुमच्या बाजूची साक्ष आहे.

आणि आपण? आपलेही हात स्वच्छ नाहीत

आता थोडं कडू बोलतो. नोंदी बदलायचं दडपण फक्त मॅनेजमेंट आणि डॉक्टरकडून येत नाही. ते रुग्णांकडूनही येतं.

"डॉक्टर, डायबेटिस दहा वर्षांचा आहे, पण दोन वर्षं लिहा ना, मेडिक्लेम अडकेल." "सिस्टर, ताप १०२ लिहा, नाही तर ॲडमिशन मंजूर होणार नाही." "संध्याकाळीच घरी जातो, पण डिस्चार्ज उद्या सकाळचा दाखवा, चोवीस तास भरायला हवेत." ही वाक्यं मी जवळजवळ दर आठवड्याला ऐकतो, आणि म्हणणारी माणसं वाईट नसतात. खर्चाने घाबरलेली असतात.

पण विचार करा. पुढे तुम्हाला रात्री हार्ट अटॅक येतो, दुसरे डॉक्टर जुने पेपर बघतात आणि डायबेटिस दोनच वर्षांचा समजून किडनीची काळजी कमी घेतात. शिवाय विमा कंपनीला तफावत सापडली तर दावा फेटाळला जातोच. आणि ज्या सिस्टरने तुमच्यासाठी १०२ लिहिलं, ती उद्या मॅनेजरच्या सांगण्यावरून तुमच्याविरुद्धही लिहू शकते. सवय एकदा लागली की ती फक्त आपल्या सोयीची राहत नाही.

मग करायचं काय?

रुग्ण आणि नातेवाईकांसाठी:

१. आकडा विचारा. "सिस्टर, बीपी किती आलं? शुगर किती?" एवढं साधं, प्रेमाने. संशयाने नको.

२. छोटी वही ठेवा. ताप, लघवी, खाणं-पिणं, इन्सुलिनची वेळ लिहा. सिस्टरना त्याचा उपयोगच होतो.

३. इन्सुलिनआधी जेवण झालं नसेल तर ते आधी सांगा. माझ्या त्या पेशंटचं सगळं इथेच चुकलं होतं.

४. डिस्चार्ज कार्डावर थांबू नका, गरज वाटली तर पूर्ण केस पेपरच्या प्रती मागा. तो तुमचा हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो स्पष्ट केला आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात.

५. नोंदीत चूक दिसली तर लेखी सांगा. योग्य पद्धत अशी: चुकीच्या शब्दांवर एकच रेघ, खालचं वाचता यायला हवं, शेजारी बरोबर नोंद, तारीख, वेळ, सही. व्हाइटनर आणि गिरगटून खोडणं दोन्ही चूक.

६. कुणी प्रामाणिकपणे "हे राहून गेलं" असं सांगितलं तर त्याच्यावर तुटून पडू नका. जाब विचारा, जरूर विचारा, पण खरं बोलणाऱ्यालाच झोडपलं तर पुढच्या वेळी कुणी खरं बोलणार नाही.

नर्स भगिनी आणि बंधूंसाठी: उशिरा लिहिणं आणि खोटं लिहिणं यांत फरक आहे. गडबडीत राहिलेली खरी नोंद नंतर "उशिराची नोंद" असं म्हणून, खऱ्या वेळेसह लिहिता येते. न केलेली गोष्ट केली म्हणून लिहिता येत नाही. कागद बनावट करणं हा गुन्हा आहे आणि सही तुमची असेल तर उत्तरही तुम्हालाच द्यावं लागतं, न्यायालयात आणि परिचर्या परिषदेपुढेही. तोंडी सांगितलेलं लेखी मागा. "सर, एवढं व्हॉट्सॲपवर टाका" म्हटलं की पुष्कळ ऑर्डरी आपोआप मागे घेतल्या जातात. एकटीने लढू नका, दोघी-तिघी मिळून बोला.

हे लिहायला सोपं आहे, मला माहीत आहे. घरभाडं आणि मुलांची फी डोळ्यांपुढे असताना नकार देणं सोपं नाही. म्हणून खरी जबाबदारी आम्हा डॉक्टरांची. नर्स खोटं लिहिते याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो, की खरं लिहिलं तर आपण तिला वाचवू असा विश्वास तिला वाटत नाही.

मी ज्या रुग्णालयात राउंड घेतो तिथे मी आता एक नियम ठेवला आहे. काही राहून गेलं तर 'केलं नाही' असं लिहायचं, कारण लिहायचं, आणि त्याखाली माझीही सही. त्यामुळे मॅनेजर विचारायला येतो तेव्हा आधी माझ्याकडे येतो. सुरुवातीला चार्टवर बरेच रकाने रिकामे दिसले. त्यावरूनच रात्रीच्या पाळीला आणखी एक सिस्टर मागता आली आणि चार महिन्यांनी ती मिळालीही.

आयसीयूतल्या त्या मुलीने नोकरी बदलली. पगार थोडा कमी आहे, झोप लागते म्हणाली. ज्यांनी मला १४० लिहू दिलं नाही त्या सिस्टर आता हयात नाहीत. त्या मेमोवर माझीही सही असायला हवी होती, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.